सापळा की सुपारी? दहशतवादाच्या तपासात पोलिसांनी कुठे थांबावं?

सातरस्ता (धागाकर्ता)

लाच घेताना कुणी रंगेहाथ सापडला की बातमी वाचून आपल्याला बरं वाटतं. नोटांना पावडर लावलेली, बाजूला दोन पंच, हात द्रावणात बुडवला की पाणी गुलाबी. त्या सापळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा प्रश्न असा, की बॉम्बच्या कटात पोलिसांचाच माणूस म्होरक्या असेल, गाडी त्याची, पैसे त्याचे, बॉम्बही (खोटा का होईना) त्यानेच पुरवलेला आणि बाकीचे नुसते त्याच्या मागे गेलेले असतील, तर गुन्हा नेमका कुणी केला?

असं घडलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात न्यूबर्ग नावाचं एक गरीब गाव आहे. तिथल्या मशिदीत एफबीआयचा खबरी श्रीमंत व्यापारी बनून वावरत होता. हा गृहस्थ स्वतः फसवणुकीच्या गुन्ह्यात सापडलेला, देशाबाहेर काढलं जाईल ही टांगती तलवार डोक्यावर. त्याने एका बडबड्या, कंगाल माणसाला हेरलं. अडीच लाख डॉलरचं आमिष दाखवलं. मधे कित्येक आठवडे त्या माणसाने टाळाटाळ केली, गावात नाही म्हणून खोटं सांगितलं. नोकरी गेली तेव्हा पैशासाठी परत आला आणि आणखी तिघांना घेऊन आला. मे २००९ मध्ये ब्रॉंक्सच्या रिव्हरडेल भागातल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळांबाहेर खोटे बॉम्ब ठेवताना चौघांना अटक झाली. प्रत्येकी २५ वर्षं.

आता यातली गोम बघा. २५ वर्षं ही किमान शिक्षा होती, न्यायाधीशाला कमी करता येत नव्हती, आणि ती लागू झाली क्षेपणास्त्राच्या कलमामुळे. विमान पाडायचं क्षेपणास्त्र कटात आणलं कुणी? सरकारी बाजूने. म्हणजे गुन्ह्याचं हत्यार सरकारने निवडलं आणि हत्याराबरोबर शिक्षाही निवडली. न्यायाधीश कॉलीन मॅकमोहन यांनी शिक्षा सुनावतानाच सरकारवर कोरडे ओढले होते. पुढे २०२३ मध्ये तिघांची आणि २०२४ च्या सुरुवातीला चौथ्याची सुटका त्यांनीच मंजूर केली, आणि खरा सूत्रधार अमेरिकेचं सरकारच होतं असं आदेशात लिहिलं.

आपल्याकडे असं झालं तर कोर्टात काय होईल? जाणकारांनी लिहावं. राजकीय पक्षांची धुणी इथे धुऊ नयेत ही विनंती.

निवृत्त_जमादार

धागा चांगला, पण उदाहरण सोयीचं निवडलंत. मी दुसरं देतो. पोर्टलंड, नोव्हेंबर २०१०. चौकात नाताळच्या झाडाला दिवे लावायचा कार्यक्रम, हजारो लोक, पोरंबाळं. १९ वर्षांचा मुलगा. एफबीआयच्या माणसांनी त्याला आधी विचारलं होतं, की धर्मासाठी तुला काय करायचंय? नुसती प्रार्थना करणं हासुद्धा एक पर्याय दिला होता. त्याने तो घेतला नाही. लहान मुलं मरतील हेही सांगून पाहिलं, तरी तो मागे हटला नाही. शेवटी स्फोट व्हावा म्हणून मोबाइलवरून नंबर त्यानेच फिरवला. बॉम्ब खोटा होता म्हणून माणसं वाचली. ३० वर्षं शिक्षा झाली, अपिलातही टिकली.

पोलिसांऐवजी त्याला खराच कुणी भेटला असता तर? सातरस्ता, त्या चौकात तुमची मुलगी उभी असती तर तुम्ही हा धागा काढला असता का?

खबरी नसेल तर पोलीस गुन्हा घडून गेल्यावरच पोचतात. मग पंचनामा करायचा, प्रेतं मोजायची आणि तुमचे टोमणे ऐकायचे.

काय_बे

नंबर त्यानं फिरवला, मान्य की. पण गाडी कुणाची बे? गाडीतले ड्रम कुणाचे बे? आन नंबर दिला कुणी बे?

निवृत्त_जमादार

@काय_बे, बे जरा कमी करा. कुणाशी बोलताय ते बघा. विचारलंत म्हणून सांगतो, सगळं पोलिसांचं होतं. लाचेच्या सापळ्यातही नोटा पोलिसांनीच पावडर लावून दिलेल्या असतात. म्हणून लाच घेणारा निर्दोष होत नाही.

वकील_पूर्वभाग

जमादारसाहेब, लाचेच्या सापळ्याचा विषय तुम्हीच काढलात, बरं झालं. आपल्या कायद्यात या प्रश्नाचं उत्तर शोधायला तिथूनच सुरुवात करावी लागते.

पहिली गोष्ट. पोलिसांनीच मला गुन्ह्याला प्रवृत्त केलं, सबब मी निर्दोष, असा बचाव आपल्या दंडसंहितेत नव्हता, नव्या न्याय संहितेतही नाही. अमेरिकेत तो १९३२ पासून आहे. दारूबंदीच्या काळातला खटला. महायुद्धात लढलेल्या एका माणसाकडे सरकारी एजंट पर्यटक म्हणून गेला, मीही लढलोय म्हणत जुन्या आठवणी काढल्या आणि पुन्हा पुन्हा दारू मागितली. शेवटी त्याने आणून दिली. सुप्रीम कोर्टाने हा बचाव मान्य केला. पण तिथला मुख्य प्रश्न असा असतो, की आरोपीचा कल मुळात गुन्ह्याकडे होता का? दहशतवादाच्या खटल्यात ज्यूरीसमोर आरोपीची चार विखारी वाक्यं वाजवली की कल सिद्ध. ९/११ नंतर त्या देशात हा बचाव जवळजवळ मोडीत निघाला तो यामुळेच.

आपल्याकडे हा बचाव नाही, पण विचार झालाय. राव शिव बहादूर सिंग विरुद्ध विंध्य प्रदेश, सुप्रीम कोर्ट, १९५४. सापळा कधी कधी लावावा लागेल हे कोर्टाने मान्य केलं. मात्र लाच देणाऱ्याकडे पैसे नाहीत, उभे करण्याची ऐपतही नाही, अशा वेळी पोलिसांनीच रक्कम पुरवून लाच घडवून आणावी, हे कोर्टाला अजिबात पटलं नाही. आरोपीची शिक्षा मात्र कायम राहिली. म्हणजे ताशेरे पोलिसांना आणि तुरुंग आरोपीला. इथपासून आजवर सापळ्यांचा कायदा साधारण याच वळणाने चालत आलाय. २०१४ मध्ये स्टिंग ऑपरेशनच्या एका खटल्यात (रजत प्रसाद विरुद्ध सीबीआय) सुप्रीम कोर्टाने अमेरिकेतले आणि इंग्लंडमधले निकाल चाळले, पण सरसकट नियम घालून दिला नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लाचेचा सापळा का टिकतो? कारण त्यात आधी मागणी असते. तक्रारदार येतो, अमक्याने इतके मागितले म्हणतो. लगेच नोटांना पावडर लावत नाहीत. आधी पंचांसमोर, रेकॉर्डर देऊन मागणीची पडताळणी करतात. ती झाल्याशिवाय सापळा लावला तर केस पडू शकते. नुसत्या नोटा खिशात सापडल्या म्हणून भागत नाही, मागणी सिद्ध झालीच पाहिजे, हे २०२२ मध्ये घटनापीठानेही पुन्हा सांगितलं आहे.

आता मला सांगा, दहशतवादाच्या सापळ्यात या 'मागणी'च्या जागी काय आहे? पंचासमोर पडताळायचं काय? पोरगा ग्रुपवर काहीबाही बोलला हे? बोलणं म्हणजे मागणी नव्हे. 'मला बॉम्ब हवाय, तुझ्याकडे आहे का?' असं तो स्वतःहून, पोलिसांच्या माणसाने विषय काढायच्या आधी म्हणाला असेल तर ती मागणी. पोर्टलंड आणि न्यूबर्ग या दोन्ही खटल्यांत मी पहिल्यांदा एवढंच शोधेन. नंबर कुणी फिरवला ते नंतर बघू.

सातरस्ता (धागाकर्ता)

ताई, हे कुणीतरी आमच्यासारख्यांसाठी एवढं सोपं करून लिहायला हवं होतं. म्हणजे लाचेच्या केसमध्ये तलाठ्याला मागणीच्या पडताळणीचं जेवढं संरक्षण मिळतं, तेवढंही जन्मठेपेच्या कलमाखालच्या पोराला मिळत नाही?

वकील_पूर्वभाग

लेखी नियमात तरी नाही. आणि बचाव असून उपयोग किती, हाही प्रश्न आहे. यूएपीएमध्ये (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात) आरोपपत्रालाच १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. कलम ४३डी(५) नुसार आरोप वरकरणी खरा वाटला तर जामीन नाही. वताली प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची बारीक छाननी करायची नाही. आता सापळा होता हे दाखवायचं तर बारीक छाननीच लागते! खबरी पहिल्यांदा कधी भेटला, काय बोलला, पैसे कुणी दिले. ते सगळं खटल्यात निघणार, आणि खटला उभा राहीपर्यंत पोराची पाच-सात वर्षं आत गेलेली. खटला फारच रेंगाळला तर जामीन देता येतो असं २०२१ च्या नजीब निकालात आहे, तेवढीच एक फट.

त्यात खबऱ्याचं नाव बाहेर येत नाही. माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, पुरावा कायद्यातली ती जुनी तरतूद (कलम १२५) नव्या कायद्यातही आहे. माहिती देणाऱ्याला हे संरक्षण हवंच. पण कट शिजवणाऱ्यालाही ते मिळालं तर मी उलटतपासणी कुणाची घेऊ?

कडक_भाकरी

एवढा काथ्याकूट कशाला? आपल्याकडे सापळ्याची गरजच पडत नाही. मालेगाव २००६ आठवा. एटीएसने नऊ जणांना पकडलं, वर्षानुवर्षं आत ठेवलं, २०१६ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केलं. ७/११ च्या लोकल स्फोटांत १८० च्या वर माणसं गेली, हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये बाराच्या बारा आरोपी सोडले. मालेगाव २००८ चे सातही त्याच महिन्यात सुटले. आणि लांब कशाला, आपल्या सोलापुरातले चार हुतात्म्यांचे पुतळे बघा. १९३० च्या मार्शल लॉच्या वेळी मंगळवार पेठेच्या चौकीवर दोन पोलीस मारले गेले, त्यासाठी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. या चौघांनी ते केलं नव्हतं असं सोलापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. सरकारला माणूस हवा असला की मिळतो.

वकील_पूर्वभाग

@कडक_भाकरी, तुमचा संताप समजतो, पण तुम्ही दोन निरनिराळ्या गोष्टींची मोट बांधताय. तुमच्या यादीत गुन्हा खरा घडलाय, माणसं खरोखर मेलीत. वाद एवढाच, की पकडलेले तेच होते का आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा खरा होता का. मालेगाव २००६ चा मुद्दा तोच, हुतात्म्यांचाही तोच. ७/११ च्या निकालाबद्दल आणखी एक, काही दिवसांतच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो निकाल दाखला म्हणून वापरायचा नाही. तो विषय अजून मिटलेला नाही.

सापळ्यात माणूस बरोबर असतो, टेप खरी असते, कबुलीसुद्धा खरी असते. खोटी असते ती फक्त परिस्थिती. म्हणून तर ते जास्त अवघड आहे. कोर्टात खोटा पंच फोडता येतो, खरी टेप फोडता येत नाही.

काय_बे

'खरी टेप फोडता येत नाही.' ताई, हे कोर्टाच्या भिंतीवर लिवा की.

बेगमपेठकर

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो.

जमादारसाहेब, तुम्ही विचारलंत की चौकात मुलगी असती तर. माझी मुलगीही गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसते. बॉम्बची भीती मला तुमच्याइतकीच आहे, कदाचित जास्तच, कारण फुटल्यावर पहिली गाडी आमच्या गल्लीत येते.

कॅलिफोर्नियात इर्व्हाइन इथली गोष्ट वाचली नसेल तर वाचा. २००६-०७ मध्ये एफबीआयने एक माणूस नवमुस्लीम म्हणून मशिदीत सोडला. तो हळूहळू जिहादचं, हल्ल्यांचं बोलायला लागला. मशिदीतले लोक घाबरले आणि त्यांनी काय केलं? त्याची तक्रार एफबीआयकडेच केली. एवढंच नाही, त्याने आमच्याकडे फिरकू नये असा आदेशही कोर्टातून आणला. त्यातून निघालेला दावा पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथे २०२२ मध्ये सरकारी गुपितांच्या मुद्द्यावर निकाल झाला.

आता आपल्याकडे बघा. माझ्या ओळखीतला एखादा पोरगा वेडंवाकडं बोलायला लागला तर चौकीत जाऊन सांगावं, ही तुमची अपेक्षा रास्त आहे. पण त्याला भरवणारा तुमचाच माणूस नाही कशावरून? सांगितलं तर पोरगा जातो, नाही सांगितलं तर मी लपवलं म्हणून मी जातो. मग लोक तिसरा मार्ग धरतात. गप्प बसतात. ग्रुपमधून निघतात, अनोळखी माणसाच्या सलामालाही जपून उत्तर देतात. पोलिसांना खरी खबर याच गल्ल्यांतून मिळायची असते ना? ती आटते.

निवृत्त_जमादार

@बेगमपेठकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. खबर आटते हे मी नाकारत नाही. पण महाराष्ट्रात पोलीस नुसते सापळेच लावतात असं चित्र उभं करू नका. २०१५ मध्ये पुण्यात एक सोळा वर्षांची मुलगी इंटरनेटवरून आयसिसच्या नादी लागल्याचं एटीएसला कळलं. तिला गजाआड टाकलं नाही. घरच्यांना बरोबर घेऊन, धर्माच्या जाणकारांकडून समुपदेशन करून तिला परत आणलं. हेही आपल्याच पोलिसांनी केलंय.

बेगमपेठकर

ते मला माहीत आहे आणि त्याचं कौतुकही आहे. माझं म्हणणं तेवढंच आहे. न्यूबर्गच्या त्या कंगाल माणसाला अडीच लाख डॉलर दाखवण्याऐवजी कुणी नोकरी दाखवली असती तर?

टोरंटोचा_सोलापूरकर

कॅनडाची बाजू मांडतो, कारण इथलं कोर्ट अमेरिकेपेक्षा वेगळं चाललं.

२०१३ च्या कॅनडा डेला ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाबाहेर प्रेशर कुकर बॉम्ब ठेवल्याबद्दल एका जोडप्याला अटक झाली. दोघं व्यसनातून बाहेर पडत असलेली, सरकारी मदतीवर जगणारी. आरसीएमपीच्या (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या) वेष बदललेल्या माणसांनी महिनोन्महिने त्यांना हाताळलं. एक अधिकारी जणू त्यांचा धर्मगुरूच झाला होता. त्यांच्या डोक्यातल्या अचाट योजना बाजूला सारून जमेल अशी योजना पोलिसांनीच पुढे सरकवली. ज्यूरीने दोषी ठरवलं. पण २०१६ मध्ये न्यायाधीश कॅथरीन ब्रूस यांनी खटलाच थांबवला. जगात दहशतवादी पुरेसे आहेत, पोलिसांनी आणखी घडवायची गरज नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. २०१८ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं.

इथे प्रश्न आरोपीच्या मनाचा नसतो, पोलिसांच्या वागण्याचा असतो. सुप्रीम कोर्टाने १९८८ च्या मॅक खटल्यात तसं ठरवून दिलंय. पोलिसांकडे आधीपासून वाजवी संशय होता का? आणि त्यांनी संधी दिली की ढकललं? इंग्लंडमध्येही २००१ च्या लूझली खटल्यापासून जवळपास हाच रोख आहे, तिथेही आरोपीला निर्दोष ठरवत नाहीत, खटलाच थांबवतात.

जमादारकाकांसाठी उलट उदाहरणही देतो. २००६ मध्ये इथे टोरंटोत १८ जण पकडले, त्यातही पोलिसांचे खबरी होते. तिथे हा बचाव कोर्टाने फेटाळला, कारण कट आधीपासून शिजत होता. म्हणजे ही कसोटी लावली की सगळे सुटतात असं नाही.

अवांतर: शेंगाचटणी आणणारं कुणी आहे का इकडे येणारं? इथल्या दुकानातली खाववत नाही.

पाहुणा_१९

हे सगळे मानवाधिकारवाले २६/११ ला कुठे होते?

सातरस्ता (धागाकर्ता)

@पाहुणा_१९, २६/११ चा विषय काढलातच तर तो या धाग्यात नीट बसतो. डेव्हिड हेडलीने ताज, ओबेरॉय, छबाड हाउसची टेहळणी केली, तो त्याआधी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबरी होता. हेरॉइनच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून खबरी झाला. त्याच काळात तो लष्कर-ए-तैयबाच्या संपर्कात आला आणि त्यांच्या छावणीत पोचला. २०१३ मध्ये अमेरिकेत ३५ वर्षं शिक्षा झाली, २०१६ मध्ये व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली. न्यूबर्गचा खबरी आणि हेडली, दोघांनाही स्वतःची कातडी वाचवायची होती. असा माणूस खात्याला हवी तशी केस तरी आणून देतो, नाहीतर खात्यालाच विकतो.

ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१४ च्या अहवालाप्रमाणे ९/११ नंतर अमेरिकेत दहशतवादाच्या पाचशेहून जास्त फेडरल शिक्षा झाल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या खटल्यांत खबरी होते. सुमारे ३० टक्के खटल्यांत खबऱ्याने कटात सक्रिय भाग घेतलेला.

काय_बे

आन मिशिगनचं कुणी लिवलंच नाही. २०२० मधे तिथल्या गव्हर्नर बाईला पळवायचा कट. आरोपी सगळे गोरे, बंदुका घेऊन फिरणारे. एफबीआयचे खबरी त्यातही होतेच की. २०२२ मधे ज्यूरीनं दोघांना सोडलं, दोघांवर एकमत झालं नाही, त्यांचा खटला परत चालला आन मग सोळा वर्षं आन एकोणीस वर्षं पडली. गंमत काय, की मशिदीत खबरी सोडल्यावर शाब्बास म्हणणारे लोक या केसला 'एफबीआयने फसवलं' म्हणून बोंबलत होते. आन आधी बोंबलणारे गप झाले. आपल्याकडं पण कोण सापडलं ते बघूनच मत ठरतंय की. मालेगाव २००६ ला एक पार्टी रडती, २००८ ला दुसरी.

संपादक

वरच्या प्रतिसादाखाली आलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मावरून शेरेबाजी केल्यास सदस्यत्व गोठवलं जाईल.

निवृत्त_जमादार

काय_बे यांनी शेवटी एक काम की बात केली. आता वकीलताईंना सरळ विचारतो. कोर्ट, कलमं सोडा. उद्या तुमच्या हातात नियम लिहायचं दिलं तर ठाण्यातल्या माणसाने नेमकं काय करायचं? आम्हाला काय करू नका हेच सगळे सांगतात.

वकील_पूर्वभाग

रास्त प्रश्न. लाचेच्या सापळ्यावरूनच बांधते.

खबऱ्याला कुणाच्या मागे लावायचं तर आधी लेखी कारण हवं, वरिष्ठाच्या सहीचं. 'अमुक वस्तीत बघून ये' हे कारण नाही. अमुक माणसाने अमुक केलं, म्हणून. पहिल्या भेटीपासून रेकॉर्डिंग हवं, कारण सगळी मेख पहिल्या भेटीत असते. आरोपपत्राला जोडलेल्या टेप नेहमी शेवटच्या पंधरवड्याच्या असतात, तोवर पोरगा तयार झालेला असतो. ठिकाण, हत्यार आणि पैसा या तिन्ही गोष्टी पोलिसांच्या माणसाने सुचवलेल्या असतील तर खटला तिथेच थांबावा. आणि जो खबरी नुसती माहिती न देता कटात उतरला, त्याने कोर्टात यावं. पडद्याआडून येऊ दे, तोंड झाकून येऊ दे, पण उलटतपासणीला उभा राहू दे.

निवृत्त_जमादार

पहिलं मान्य. तिसरं बऱ्यापैकी मान्य, पण हत्यार पोलिसांनी पुरवायचं नाही तर तो खऱ्या बाजारात घ्यायला जाईल आणि एके दिवशी माझ्या नजरेआड होईल, त्याचं काय? सुचवणं आणि पुरवणं यात फरक करा.

दुसरं जमणार नाही. पहिल्याच भेटीला रेकॉर्डर खिशात ठेवून जाणारा खबरी मला दाखवा. अंगझडतीत सापडला तर त्याचा जीव जातो. तुम्ही कोर्टात बसून लिहिता, तो रात्री दोन वाजता एकटा असतो.

वकील_पूर्वभाग

सुचवणं आणि पुरवणं हा फरक घेतला, तो बरोबर आहे. रेकॉर्डिंग शक्य नसेल तिथे भेट झाल्यापासून चोवीस तासांत अधिकाऱ्याने टिपण लिहावं. कोण काय म्हणालं, कुणी आधी म्हटलं. तारीख-वेळ टाकून सीलबंद पाकीट न्यायाधीशाकडे. आरोपपत्र दाखल झाल्यावरच उघडायचं. नंतर पाने बदलता येणार नाहीत.

निवृत्त_जमादार

सीलबंद चालेल. नाव सांकेतिक असेल तर चालेल.

बेगमपेठकर

खबऱ्याला किती पैसे दिले, त्याच्यावरचा कुठला गुन्हा सैल केला, तेही त्याच पाकिटात घालणार का?

निवृत्त_जमादार

ते कुठलाच अधिकारी लिहून देणार नाही. मीही दिलं नसतं.

वकील_पूर्वभाग

माहीत आहे. म्हणूनच अर्जात मी पहिल्यांदा तेच मागेन.